‘इंजिन काम मागतंय’ असं सांगून विकलेली बोट: एका जुन्या डिझेलचं प्रकरण

बोट साधारण तीस फुटांची, फायबरची, एका डोलकाठीची, १९८० च्या दशकात बांधलेली. इंजिन यानमार २जीएम२०: दोन सिलिंडर, ६३६ सीसी, ३६०० आरपीएमला १८ हॉर्सपॉवर, आणि थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं. विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. इंजिन काम मागतंय, असं त्याने स्वतःच सांगितलं आणि किंमतही त्या हिशेबाने कमी केली. त्याच्या मेकॅनिकचं निदान असं, की रिंगा (पिस्टनभोवतीची, दाब अडवणारी कडी) गेल्यात, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवावं लागेल, त्यापेक्षा दुसरं इंजिनच बसवलेलं बरं. बोट घेतली माझ्या मित्राने. त्याने शिडं, दोर आणि बूड पाहून सौदा केला. इंजिनाचं नंतर बघू म्हणाला. ते ‘नंतर’ आलं तेव्हा मला बोलावलं.

मित्राने एक काम मात्र फार चांगलं केलं होतं. पाना हातात घेण्याआधी इंजिन कधी, कसं, कुठल्या परिस्थितीत मरतं हे वहीत लिहून ठेवलं होतं. ती नोंद थोडक्यात अशी:

थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू होतं. स्लोवर तासभर ठेवलं तरी तक्रार नाही. बाहेर पडून रेस दिली की वीस-पंचवीस मिनिटांत आरपीएम वर-खाली व्हायला लागतात आणि इंजिन दम सोडतं. लाटा असतील तर आणखी लवकर. थोडा वेळ थांबून सेल्फ मारला की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. शिवाय थ्रॉटल पूर्ण पुढे सरकवला तरी २४०० च्या वर जात नाही, आणि तेव्हा काळा धूर टाकतं.

रिंगांवर विश्वास का बसला नाही

डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेईल, एवढाच त्याचा जुगाड. रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले की हा दाब सुटतो, आणि त्याचा पहिला फटका बसतो तो थंड इंजिनाच्या स्टार्टिंगला. मग निळा धूर येतो, ऑइल कमी व्हायला लागतं. इथे यातलं काहीच नव्हतं. पहिल्या सेल्फला पेटणाऱ्या इंजिनाच्या रिंगा गेल्यात म्हणणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला भूक मेली म्हणण्यासारखं.

‘थांबलं की पुन्हा चालू होतं’ हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. कचरा ओढला जाऊन डिझेलच्या वाटेवर कुठेतरी तोंड बंद करतो. इंजिन मरतं, ओढ थांबते, कचरा खाली सुटतो, वाट मोकळी होते. लाटांत टाकीचा तळ ढवळला जातो, म्हणून तेव्हा लवकर मरतं. इतपत सगळं जुळत होतं.

जुळत नव्हता तो काळा धूर. उपाशी इंजिन काळा धूर टाकत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं आहे, पण ते जाळायला हवा कमी पडतेय, किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) नीट फवारत नाहीये, किंवा इंजिनावर झेपणार नाही इतका लोड आहे. एकाच तक्रारीत डिझेल कमीही पडतंय आणि जास्तही होतंय, असं कसं चालेल? म्हणजे एक तर नोंद चुकीची, नाहीतर रोग दोन. नोंद चुकीची नव्हती.

टाकी इंजिनापासून तोडून बघणं

अशा वेळी हात शिवशिवतात ते हेडच्या बोल्टकडे. माझं मत स्पष्ट आहे: इंजिन आणि टाकी एकमेकांपासून वेगळी करून पाहिल्याशिवाय इंजिनाचा एकही मोठा बोल्ट सैल करू नये. त्याला लागतं काय? एक स्वच्छ कॅन, थोडं ताजं डिझेल आणि दोन पारदर्शक पाईप.

कॅन इंजिनापेक्षा उंचावर पक्का बांधला. एक पाईप कॅनमधून थेट फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून इंजिनाला देणारा छोटा पंप) जोडला. नोझलांकडून परत येणाऱ्या जादा डिझेलचा पाईप पुन्हा कॅनमध्ये सोडला, नाहीतर ते जुन्या टाकीत जाऊन हिशेब बिघडवतं. बोट धक्क्याला पुढून-मागून जाड दोरांनी जखडली, तिरपे दोरही टाकले, आणि गिअर पुढे टाकून इंजिन २००० आरपीएमवर लोडखाली ठेवलं. जागच्या जागी, पण खरा लोड.

तासाभराहून जास्त वेळ चाललं. एकदाही आरपीएम हलला नाही. मरण्याचा आरोप इंजिनावरून उतरला आणि टाकी ते फीड पंप एवढ्या टप्प्यावर आला. त्याच दिवशी दुसरंही उत्तर मिळालं: कॅनच्या डिझेलवरही थ्रॉटल पूर्ण दिला की इंजिन २४०० वर अडायचं आणि काळा धूर निघायचा. म्हणजे हा दुसरा रोग टाकीचा नव्हे, इंजिनाच्याच बाजूचा.

‘मग रिंगा?’ मित्राने विचारलं. म्हटलं, रिंगांचा नंबर शेवटी.

मग टाकी पुन्हा जोडली, पण पहिला फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये व्हॅक्यूम गेज (पंपाला किती जोराने ओढावं लागतंय ते दाखवणारं) बसवून. हे छोटं गेज फार बोलकं असतं. वाट मोकळी असेल तर सुई एक-दोन इंच पाऱ्यावर पडून राहते. इथे सुई हळूहळू चढत दहाच्या पुढे गेली आणि इंजिन हुंदके द्यायला लागलं. फिल्टरचा एलिमेंट नवीन टाकून पुन्हा तेच केलं, तरी सुई तशीच चढली. म्हणजे अडथळा फिल्टरच्याही आधी. शिवाय पारदर्शक पाईपमधून बारीक बुडबुड्यांची माळ जाताना दिसत होती: लाइन एअरही घेत होती.

त्या जॉइंटांखाली डिझेलचा एकही थेंब नव्हता, म्हणून आधीच्या मेकॅनिकने ते बघितलेच नसावेत. टाकी इंजिनाच्या खाली असली की टाकी ते फीड पंप हा भाग ओढीवर चालतो. सैल जॉइंटमधून तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ‘कुठे गळत नाही’ हा पुरावा त्या भागासाठी बिनकामाचा.

टाकीच्या तळाशी

टाकी ॲल्युमिनियमची, कॉकपिटखाली, आत आडवी पत्र्याची भिंत असलेली, आणि आत हात घालायला झाकणच नाही. हाताने साफ करता येणार नाही अशी टाकी बांधणाऱ्यांविषयी मला फार आदर नाही. पण तशा टाक्या पुष्कळ बोटींत आहेत.

बारीक तांब्याची नळी सगळ्यात खालच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन हातपंपाने काचेच्या बरणीत नमुना काढला. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर तीन थर दिसले. खाली चहाच्या रंगाचं पाणी. वर डिझेल, थोडं काळवंडलेलं पण पारदर्शक. आणि दोघांच्या मध्ये, नेमक्या सीमेवर, काळपट तपकिरी साय. बरणी कलती केली की ती साय अखंड सरकायची, कडेला चिकटून ताणली जायची आणि मग लोंबत तुटायची. बोटांत घेतली तर बुळबुळीत, आणि वास डिझेलचा कमी, कुजल्याचा जास्त.

ही डिझेलमधली बुरशी. हॉर्मोकोनिस रेझिनी हे तिच्यातलं सगळ्यात बदनाम नाव. सोबतीला जिवाणूही असतात. राहायचं पाण्यात, खायचं डिझेल, म्हणून वस्ती कायम दोन्हींच्या सीमेवर. पाणी नसेल तर ती वाढत नाही. तिच्यातून तयार होणारी आम्लं ॲल्युमिनियमला खड्डेही पाडतात. बरेच जण टाकीत बुरशीनाशक ओततात आणि निर्धास्त होतात. औषध बुरशी मारतं, पण मेलेली बुरशी टाकीतच राहते, आणि पुढच्या लाटांत थव्याने फिल्टरकडे येते. आधी उपसा आणि साफसफाई, मग औषध.

डिझेल ओढणारी नळी टाकीच्या वरून बाहेर काढली. तिच्या तोंडाला बारीक पितळी जाळी झाळून बसवलेली होती, आणि जाळीवर हीच साय बुचासारखी बसली होती. ‘थांबलं की पुन्हा चालू’ याचं कोडं तिथे सुटलं. जाळी कापून टाकली. काही जण म्हणतील, जाळी नसेल तर कचरा पुढे जाईल. जाऊ दे की! पुढे फिल्टर आहे, तो हाताशी आहे, दोन मिनिटांत बदलता येतो. जिथे हात पोचत नाही तिथे बसवलेली जाळी उपयोगापेक्षा अडचणच जास्त करते. नळीचं तोंड तिरपं कापून तळापासून सुमारे दोन सेंटिमीटर वर ठेवलं, म्हणजे तळाला थोडं पाणी साचलं तरी ते लगेच ओढलं जाणार नाही.

टाकीच्या वरच्या पत्र्याला, आतल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशी दोन गोल भोकं पाडून झाकणं केली. डिझेल पेट्रोलइतकं भडकत नाही, त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) साधारण ५५ अंशांच्या वर असतो; तरीही टाकी पूर्ण उपसून, हवा खेळती ठेवून, होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) अगदी हळू फिरवत काम केलं. दातांना ग्रीस लावलं की बरेचसे कण त्यालाच चिकटतात. इथे ग्राइंडर चालवू नये, ठिणग्या टाकीत पडतात. झाकणांना पॅकिंग नायट्राइल रबराचं घेतलं. साधं सिलिकॉन डिझेलमध्ये फुगून सुटतं. मग हात घालून, खरवडून, पुसून टाकी कोरडी केली. तळाला खड्डे होते, पण उथळ, आरपार नाहीत.

पण पाणी आलं कुठून, हे शोधलं नसतं तर पुढच्या हंगामात पुन्हा तीच बरणी भरली असती. अर्धी रिकामी टाकी रात्री घाम धरते आणि त्याचं पाणी साचतं, हे लोकांचं आवडतं स्पष्टीकरण. थोडं साचतही असेल, पण बरणीत निघालं तेवढं पाणी घामाचं असेल असं मला वाटेना. डेकवरचं डिझेल भरायचं झाकण उघडलं, आत टिश्यू पेपर दुमडून ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि त्यावर पाण्याचा पाईप सोडला. टिश्यू चिंब. झाकणाचा ओ-रिंग चपटा होऊन दगडासारखा झाला होता, आणि झाकण बसवलं होतं नेमकं पाणी साचणाऱ्या जागी. टाकीच्या हवेची नळीही मागच्या बाजूला खाली होती. बोट कलली की ते तोंड पाण्याजवळ जायचं. ओ-रिंग नवीन ग्रीस लावून बसवला, आणि हवेची नळी वर नेऊन उलट्या यूचा वळसा देऊन पुन्हा सोडली.

लाइन

जुन्या लाइनमध्ये काही भाग तांब्याचा, काही रबराचा, मध्येच एक पारदर्शक तुकडा. जिथे कमी पडलं तिथे क्लिपा मारून जोडत आणलेलं. प्रत्येक जोड म्हणजे एअर घ्यायची एक जागा. ते सगळं काढून टाकीपासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून पंपापर्यंत एकेक सलग होज टाकला. आयएसओ ७८४० ए१ छापलेला होज घेतला. ही खूण आगीत अडीच मिनिटं टिकण्याच्या चाचणीची असते. साधा होज इंजिनाजवळ आगीत लगेच तुटतो आणि टाकीतलं डिझेल आगीलाच पुरवतो. टाकीच्या तोंडाशी बंद करायचा कॉक बसवला. पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर १० मायक्रॉनचा ठेवला. मित्राला २ मायक्रॉनचा हवा होता, ‘जितका बारीक तितका चांगला’ म्हणून. बारीक गाळणी इंजिनावरच्या दुसऱ्या फिल्टरची जबाबदारी आहे. पहिल्यालाच इतकं बारीक केलं की तो लवकर चोंदतो आणि आपण पुन्हा तिथेच येतो. व्हॅक्यूम गेज काढलं नाही, कायमचं बसवून टाकलं.

बॅन्जो बोल्टांचे (डिझेलच्या नळ्या जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर सगळे नवीन. एकदा दाबला गेलेला वायसर कडक होतो आणि पुन्हा नीट बसत नाही. फीड पंपही बदलला. त्याचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. इथे तसं झालं नव्हतं, पण डायफ्रामला भेगा होत्या.

मग लाइन उघडल्यामुळे आत अडकलेली एअर काढणं. क्रम साधा: आधी इंजिनावरच्या फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, मग नोझलांना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाचा, शेवटी नोझलांचे नट. फीड पंपाची दांडी हाताने मारताना ती ढिली लागली, दाबच येत नाही असं वाटलं, तर पंप खराब समजू नये. आतला कॅम (पंपाला ढकलणारा फुगवटा) नेमका वर थांबलेला असतो. क्रँक एक फेरा फिरवायचा, दांडी भरते. नोझलच्या नटांपाशी बोट नेऊ नये. या इंजिनाचे नोझल १७० किलो प्रति चौरस सेंटिमीटरला उघडतात. त्या दाबाची फवार कातडीतून आत शिरते आणि ती जखम दिसते त्याहून फार वाईट असते.

आणि शिडाच्या बोटीत एअर काढताना सगळ्यात मोठा धोका डिझेलचा नाही, पाण्याचा आहे. सेल्फ मारत राहिलो की समुद्राचं पाणी ओढणारा पंपही फिरतो आणि एक्झॉस्टच्या वॉटरलॉकमध्ये (धुराबरोबर जाणारं पाणी साठवणारा डबा) पाणी भरत जातं. इंजिन पेटलेलं नसल्यामुळे ते बाहेर ढकलायला गॅस नसतो. पाणी चढत चढत एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं, आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. चांगली इंजिनं लोकांनी अशीच, दुरुस्त करता करता, घालवलेली आहेत. म्हणून लांब सेल्फ मारायचा असेल तर आधी बुडाचा पाण्याचा कॉक बंद. इंजिन पेटताक्षणी उघडायचा, आणि त्यासाठी एक माणूस कॉकवर हात ठेवून बसवायचा. मित्र बसला.

काळा धूर

टाकीवर चाललं तरी आता मरत नव्हतं. राहिला २४०० चा अडथळा. पहिला संशय बोट ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्यावर (प्रोपेलरवर) येतो: त्यावर शिंपले-कालवं चढली की लोड वाढतो. ते तपासायला पाण्यात उतरायची गरज नाही. न्यूट्रलला रेस द्यायची. न्यूट्रललाही इंजिन पूर्ण आरपीएमला जात नसेल तर पंखा निर्दोष. इथे न्यूट्रलला कसंबसं २८०० झालं. हवेच्या फिल्टरचा फोम हाताला लागताच भुगा झाला, तो काढून पाहिलं, किंचित फरक.

मग एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो उतरवला. तापलेला धूर आणि थंड करून निघालेलं समुद्राचं पाणी याच तुकड्यात एकत्र येतात, त्यामुळे काजळी आणि मीठ दोन्ही तिथेच बसतात. आतून बघितलं तर जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट उरली होती. बाकी सगळा दगडासारखा काळा थर. जळलेला धूर बाहेर पडत नाही म्हणून ताजी हवा आत येत नाही, म्हणून काळा धूर. बॅटरी चार्ज करायला इंजिन तासन्‌तास स्लोवर बिनलोड ठेवायची सवय हा थर वाढवते, आणि या बोटीवर ती सवय होती. एल्बो आम्लाने साफ करून पुन्हा लावता येतो, पण जुन्याच्या भिंती आतून पातळ झालेल्या असतात. तो फुटला तर पाणी मागे सिलिंडरकडे जातं. नवीनच लावला.

एल्बो उतरवलेलाच होता म्हणून नोझल बाहेर काढून टेस्टिंगला दिले. एक १७० च्या बराच आधी उघडत होता आणि फवारण्याऐवजी थेंब टाकत होता. दोन्हींना नवीन टिपा टाकून दाब सारखा लावला. नोझल बाहेर आहेत तोवर कॉम्प्रेशनही मोजून घेतलं: दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे, आणि चांगले. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) ०.२ मिलिमीटरला लावले. हेड उतरवलं नाही.

कूलिंगचं काम नेहमीचं. इम्पेलरच्या (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) दोन पाकळ्या तुटलेल्या होत्या. नवीन इम्पेलर टाकून भागत नाही, तुटलेले तुकडे शोधावेच लागतात. ते थर्मोस्टॅटच्या (इंजिनाचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) आधीच्या वळणात सापडले. जस्ताचे अॅनोड (इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) संपून नुसते धागे उरले होते, बदलले. थर्मोस्टॅट बदलताना एक गोष्ट पाहावी: समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या या इंजिनाचा थर्मोस्टॅट सुमारे ४२ अंशांना उघडायला लागतो, कारण त्याहून फार गरम ठेवलं की मिठाचा थर आत धरतो. गोड्या पाण्याच्या इंजिनाचा ७१ अंशांचा थर्मोस्टॅट इथे बसवून चालत नाही. अँटी-सायफन व्हॉल्व्ह (थांबलेल्या इंजिनात पाणी आपोआप ओढलं जाऊ नये म्हणून नळीत हवा सोडणारा) मिठाने गच्च झाला होता. कोमट गोड्या पाण्यात भिजवून मोकळा केला. इंजिन पाण्याच्या पातळीखाली असेल तर हा छोटा व्हॉल्व्ह अडकणं म्हणजे बंद इंजिनात समुद्र भरायची सोय.

चाचणी

बाहेर नेऊन पूर्ण थ्रॉटल दिला. लोडखाली ३३०० च्या वर गेलं, धूर नाही. मुद्दाम लाटांत नेऊन बराच वेळ चालवलं. गेजची सुई दोन इंचांखालीच राहिली. पहिल्या काही तासांत फिल्टरच्या वाटीत काळे कण आले, ते अपेक्षितच होतं. कोपऱ्यात राहिलेला कचरा असा हळूहळू येतो. एलिमेंट बदलला, त्यानंतर वाटी स्वच्छ आहे. सुई चार-पाच इंचांवर गेली की एलिमेंट बदलायचा, असं गेजवरच लाल रेघ मारून ठरवलं आहे.

क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइलचा थेंब अजून येतो. ते सील बदलायला गिअर आणि फ्लायव्हील सोडवावं लागेल, इंजिन पुढे सरकवावं लागेल. सध्या खाली ट्रे ठेवलाय. बोट पुढच्या वेळी बुडाच्या रंगासाठी वर काढली की तेव्हा ते काम.